आष्टीजवळच्या ताटलीवरचं छप्पर

सर्व सुजाण वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेल्या ऑक्टोबरात दक्षिण आशियाचे अवकाशातले भवितव्य एका भाड्याच्या जीपमधून, माझ्या मांडीवरच्या केळ्यांच्या घडासह, पुण्याहून आष्टीकडे रवाना झाले.

भवितव्य म्हणजे दोन पाहुणे: नेपाळचे अभियंते थापा आणि श्रीलंकेच्या डॉक्टर मालिनीबाई. मी दुभाष्या. शेजारी देशांनी एक उपग्रह वाटून घ्यायचा आणि डॉक्टर नसलेल्या खेड्यांना त्यावरून पडद्यावर डॉक्टर भेटवायचा, अशी योजना होती. आष्टीजवळच्या एका गावात तिचा नमुना चालू होता.

अहिल्यानगर मागे पडलं तशी माळरानं लागली. कुसळी गवत, बाभळी, मधेच उभी तूर. "डोंगर कधी येणार?" थापांनी ऐन डोंगरात विचारलं. मी भाषांतर केलं. चालकाच्या जिव्हारी लागलं.

"मग ही काय ढेकळं हायत का, साहेब?"

गावात हलगीने स्वागत झालं. शाळेच्या अंगणात कोऱ्या पत्र्यांचा मांडव, त्याखाली खुर्च्या, आणि मधोमध हार-कुंकू ल्यालेली उपग्रहाची ताटली. सरपंच दादारावांनी आम्हाला फेटे बांधले आणि थेट पंगतीला बसवलं. येसर आमटी (भाजलेल्या धान्यमसाल्याची झणझणीत आमटी) मालिनीबाईंनी दोनदा मागून घेतली. महाराष्ट्राची लाज राखायला नेमलेला मी तेव्हा पाणी मागत होतो.

पडद्यापुढे गयाबाई सुनेला घेऊन सकाळपासून बसली होती. सून, राधा, सात महिन्यांची गरोदर, पायांना सूज. फाटकाबाहेर ऊसतोडीला निघालेला ट्रक उभा होता आणि मुकादम (टोळीचा म्होरक्या) सारखा हॉर्न वाजवत होता. "डॉक्टर न्हाई म्हणली तर ऱ्हाऊ द्या. न्हाईतर चढा गाडीत," एवढी सूट त्याने दिली होती.

पडदा मात्र काळाकुट्ट. तंत्रज्ञाने वायरी काढल्या, पुसल्या, पुन्हा लावल्या. तेवढ्यात दादारावांनी भाषण उरकायला घेतलं. "आकाशाला भिंती नसतात!" मी ते इतक्या भावनेने इंग्रजीत नेलं की थापांनी टाळ्या वाजवल्या.

पुन्हा हॉर्न वाजला. गयाबाई उठली.

"परवा तर समदं दिसत व्हतं. आज ह्या ताटलीवर पत्रे कावून घातले?"

"लांबून पाहुणे आल्यात, आत्या. उन्हात बसवू का?" दादाराव म्हणाले.

"मग पाहुण्यांवर घाल. ताटलीवर कशाला?"

"ती बी पाहुणीच हाय की!"

उभा जन्म अँटेना उभारण्यात घालवलेल्या थापांना मी हा संवाद सांगितला. त्यांनी सावकाश मान वर केली आणि कपाळावर हात मारला.

दादाराव फेट्यासकट वर चढले. चार गडी धावले, दोन पत्रे धाडकन खाली आले, ऊन आलं आणि मागोमाग पडद्यावर डॉक्टरीणबाई आल्या. गावच्या आशाताईंनी रक्तदाब मोजून आकडा सांगितला. मालिनीबाईंनी राधाची पावलं दाबून पाहिली आणि बोटाने पडलेला खळगा पडद्याकडे वळवून दाखवला. डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "ऊसतोडीला जायचं नाही. आजच तालुक्याच्या दवाखान्यात न्या."

राधाला आम्ही जीपमधूनच आष्टीला सोडलं. ट्रक तिच्याशिवाय गेला. पुढे पुण्यापर्यंत पाहुणे अहवालाच्या मसुद्यावर वाद घालत होते: 'प्रादेशिक सहकार्य' आधी लिहावं की 'शाश्वत विकास'? मला विचारलं, तर मी केळं सोलत बसलो. उपग्रह कुणाचा, हे गयाबाईने एकदाही विचारलं नव्हतं. आभाळातून आलेला शब्द फाटकापर्यंत पोचतो का, एवढीच तिला काळजी. म्हणून तर डॉक्टरीणबाईंचं हळुवार बोलणं मधेच तोडून ती पडद्यावर खेकसली होती, "बाई, हेच जरा मोठ्यानं सांगा, मुकादम भाईर उभा हाय!"