चौकीतला काळा कोट

गाडी चालवणाऱ्या माणसाने आपला एक वकील ठरवून ठेवावा, असं मी हल्ली भेटेल त्याला सांगत सुटतो. का, ते ऐका. फक्त चहा तोंडात असताना हसू नका, शर्ट खराब होतील.

तेव्हा मोबाइल नवा होता, मी आयटी कंपनीत नवा होतो आणि गाडी तर दीड महिन्याची. एका शनिवारी, आम्हाला सुट्टी पण कोर्टाला नाही अशा दिवशी, वारज्याहून बिबवेवाडीला सासुरवाडीकडे एकटाच निघालो. पोचता पोचता खिशातला मोबाइल वाजला, म्हणून मान खाली घातली. वर केली तेव्हा बॉनेटसमोर एक स्कूटर आडवी होती.

स्कूटरवर होते पटवर्धन सर, गणिताचे निवृत्त शिक्षक. मनगट मोडलं त्यांचं. दवाखान्यात नेतो म्हटलं, तर शांतपणे म्हणाले, "आपल्या गाडीतून नको. रिक्षा बोलवा."

प्लास्टर झालं आणि आम्ही दोघं पोलीस चौकीत. पुढच्याच महिन्यात कंपनी मला अमेरिकेला पाठवणार होती. केस झाली तर व्हिसाचं काय? बायकोला फोन केला. तिचे मामा अपघाताच्या केसेस लढवणारे वकील. आमच्या लग्नातल्या गर्दीत मी त्यांना वाकून नमस्कार केला असेल, तेवढीच ओळख. ती म्हणाली, मामा निघालेत, ते येईपर्यंत तोंड उघडू नकोस.

दहा मिनिटांत काळा कोट आत आला. मी धावत जाऊन पाया पडलो. गृहस्थ जरा चमकले, पण आशीर्वाद दिला.

"तुमच्यापासून काही लपवणार नाही," मी म्हटलं.

"नकाच लपवू," म्हणाले आणि कागद काढला.

मग मी सुटलोच. मोबाइलचं सांगितलं. वळताना सरांनी हात दाखवला होता का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दाखवला असेल, मी बघत कुठे होतो? लायसन्स अजून कच्चंच आहे, हेही सांगितलं. गेल्या आठवड्यात सोसायटीचं फाटक वाकवलं, ते तर कुणी विचारलंही नव्हतं. ते मधूनमधून म्हणत, सावकाश सांगा, काही सुटायला नको. मला वाटलं, नात्यातला माणूस तो नात्यातलाच!

तेवढ्यात दुसरा काळा कोट धापा टाकत आला. "जावईबापू, काही बोलला नाहीत ना?"

पहिल्याने पेनाला टोपण लावलं. "सगळं बोलले. मी पटवर्धन सरांचा वकील."

मामा मटकन बाकावर बसले. सरांनी डाव्या हाताने तो कागद घेऊन पेपर तपासावा तसा वाचला. म्हणाले, "उत्तरं बरोबर आहेत. परीक्षक चुकला."

केस झाली. अमेरिकेला माझ्याऐवजी शेजारच्या टेबलावरचा गेला. खरं बोललो म्हणून सरांनी प्रकरण फार ताणलं नाही, बाकीचं मामांनी निस्तरलं.

आता माझ्या पाकिटात पक्क्या लायसन्सच्या मागे मामांचा पासपोर्ट साइज फोटो असतो. बायकोनेच ठेवलाय. तुझा नाही ठेवलास, असं विचारलं तर म्हणाली, "मला तरी ओळखशील, असं धरून चालतेय."