मेरिनने वाचलेली फाइल

कोडची कुठलीही फाइल उघडली की मेरिन टुलक आधी अगदी वर जायची. तिथे लिहिणाऱ्याचं नाव असतं आणि वापरायची परवानगी. त्या ओळींवर बोट टेकवायची, मगच खाली उतरायची. रोज, प्रत्येक फाइलला.

"पडदा पूस आधी," डूगल, तिचा साहेब, करवादायचा. "बोटांनी वाचतेस की काय?"

होबार्टच्या धक्क्यालगत त्यांचं पाच माणसांचं ऑफिस होतं. कालवं पिकवणाऱ्यांसाठी ते ॲप बनवत होते: भरती किती चढेल, कालवं कधी काढावीत. सोमवारी ते द्यायचं होतं. नाही तर काम सिडनीच्या कंपनीकडे जाणार होतं.

शुक्रवारी तिने भरतीचा हिशेब करणारी फाइल उघडली. वर काहीच नव्हतं. तिने शोध घेतला तेव्हा तोच कोड, ओळीला ओळ, न्यूझीलंडमधल्या एका म्हाताऱ्या खलाशाच्या वेबपानावर सापडला. तिथे नाव होतं, परवानगी नव्हती. ऑफिसातल्याच कुणीतरी तो पूर्वी उचलला होता.

"उघड्यावर ठेवलाय ना त्याने? मग घ्यायचा," डूगल म्हणाला.

"तुझी होडीपण उघड्यावरच असते. सोडून नेऊ?"

"ने की. पन्नास हातांवर बुडेल." तो हसला, मग खुर्ची तिच्याकडे वळवली. "बरं, त्याला विचार. तोवर तू नवा लिही."

"मला नाही लिहिता येणार. मी वाचलाय तो. लिहायला बसले की त्याच्याच ओळी हातातून उतरतील."

खलाशाला लिहिलं, उत्तर आलं नाही. मग नवा कोड लिहायला लोसा बसली. ती सामोआची, ऑफिसात नवी, तिने ती फाइल पाहिलीच नव्हती. काय हवं तेवढंच मेरिनने तिला सांगायचं. कसं करायचं, ते नाही.

शनिवारभर मेरिनचा पाय एका जागी ठरेना. किटली भरायची आणि चहा न करताच धक्क्यावर जायची, तिथूनही लगेच परतायची. लोसाचे आकडे भरतीच्या सरकारी तक्त्याशी जुळत नव्हते. चूक मेरिनला लांबूनच दिसत होती.

"बाई गं, नुसती भुवई तरी उडव," लोसा काकुळतीला आली.

मेरिन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सांगावं, तर कोड पुन्हा त्या म्हाताऱ्याचाच होणार. न सांगावं, तर सोमवार हातचा जाणार.

रविवारी दुपारी लोसा ओरडली, "जुळले!"

तिची वाट लांबची होती, वळणाची. मेरिनला ती सुचली नसती. मेरिन खुर्ची ओढून फाइलीच्या वर गेली. 'लोसा तुइलागी.' खाली परवानगीची ओळ. तिने बोट टेकवलं, जरा जास्त वेळ. डूगलने ॲप पाठवून दिलं.

"आता तरी सांग, कुठे अडले होते मी?"

मेरिनने कागदात गुंडाळलेला तळलेल्या बटाट्यांचा पुडा तिच्यापुढे सरकवला.

"पुढेही ही फाइल तूच दुरुस्त करणार, म्हणून नाही सांगत. चिप्स गार झाल्यात. आधी खा."