जीपमधला डबा

आर्वीत मी हात उचलणारा म्हणून प्रसिद्ध होतो. सत्तरच्या दशकात भाड्याची जीप चालवायचो. गाडीत कुणी विडी काढली की मी सांगत बसत नसे, एक ठेवून देत असे. एकदा नवरदेवाच्या मामालाच कॉलर धरून खाली ओढलं होतं, फेट्यासकट धुळीत. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

कारण पेट्रोल. आष्टीपुढे डोंगराकडच्या गावांत पंप नव्हता, त्यामुळे वीस लिटरचा जास्तीचा डबा सोबत लागायचाच. ज्यांच्याकडे गाडी शिकलो त्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "डबा बाहेर, मागच्या पत्र्याले बांधजो. चार बोटं रिकामा ठेवजो, उन्हात पेट्रोल फुगते. अन् माणसाजवळ तर कधीच नाई." हा नियम मी लोकांच्या कानशिलात मारून पाळत आलो होतो.

ताई त्याच डोंगराकडे दिलेली. तिचं पहिलं मूल जन्मतानाच गेलं होतं. दुसऱ्या वेळी, मे महिन्यात, सकाळीच निरोप आला की काल सकाळपासून कळा येताहेत, मूल आडवं आहे, सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागतं. मी पंपावर डबा काठोकाठ भरला. चार बोटं वगैरे कुणाला सुचतात? आष्टीला त्या दिवशी बाजार होता आणि बाजारातून माझा बांधलेला डबा दोनदा चोरीला गेला होता. म्हणून मी तो आत घेतला, मागच्या बाकाखाली सरकवला आणि गाडी हाणली.

ताईला मागे गादीवर निजवलं, पाय दाराकडे. पायाशी तिची सासू बसली, भाऊजी पुढे माझ्याशेजारी. ताई ओरडत होती, मग ओरडेनाशी झाली, आणि ते जास्त वाईट होतं. मी खड्डे बघितले नाहीत. कोस दीड कोस गेल्यावर पेट्रोलचा वास आला. झाकणातून पाझरत असणार. पाठोपाठ धुराचा वास आला. आरशात पाहिलं तर म्हातारीच्या पदराखालून धूर निघत होता.

त्या गावात अडलेली बाई शिवेबाहेर न्यायची तर घरच्या चुलीतला विस्तव सोबत न्यायची रीत होती. खापरात जळती गोवरी, वर कडुलिंबाचा पाला, वाटेतलं काही लागू नये म्हणून. माझा हात ठाऊक असल्यानं तिनं ते लपवून आणलं होतं.

गाडी थांबवून मी मागे धावलो. "मावशी, फेका ते."

"फेकत नाई. मागल्या खेपेले बिनविस्तवाची नेलती, पोरगं गेलं," ती म्हणाली. "मी उतरून पायी येतो. विझू देत नाई."

आणि तिनं एक पाय खाली टाकलाही होता. पण माझं डोकं फिरलं होतं. मी तिच्या थोबाडीत मारली, सगळा जोर लावून. खापर तिच्या हातातून उडालं ते आत, बाकाखाली.

भप्पकन पेटलं. मी पळालो. दहा पावलं असतील, पण पळालो. वळून पाहिलं तेव्हा म्हातारी आगीकडे वाकली होती. तिनं ताईचे पाय धरून तिला फरफटत बाहेर ओढलं आणि तिचं पेटलेलं लुगडं उघड्या तळहातांनी विझवलं. मग मी आणि भाऊजी माती घेऊन धावलो. डबा फुटला, जीप सांगाड्यापर्यंत जळाली. मागून आलेल्या एका ट्रकनं आम्हाला दवाखान्यात नेलं. ताई वाचली. मुलगी झाली, तीही वाचली.

भाऊजी पुढून उतरेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं आणि ताई शुद्धीवर नव्हती. थप्पड फक्त मला आणि म्हातारीला ठाऊक. विचारणाऱ्या प्रत्येकाला म्हातारी एकच सांगायची, "माह्याच हातून विस्तव सांडला." सून जाळायला निघालेली सासू म्हणून गावानं तिला वर्षानुवर्षं टोमणे मारले. ती गप्प राहिली. मीही गप्प राहिलो. मी दुसरी गाडी घेतली, डबा बाहेर बांधू लागलो, विडीवाल्यांना उतरवून देऊ लागलो, पण हात मात्र कुणावर उचलला नाही.

भाची शाळेत जाऊ लागली तेव्हा एका दुपारी मी ताईकडे जेवायला बसलो होतो. म्हातारी वाढत होती. तिची बोटं पुरती मिटत नसत, त्यामुळे भाकर ती दोन्ही तळहातांत धरून आणायची. भाचीनं विचारलं, "आजी, तुह्या हाताले काय झालं?"

"माह्याच चुकीनं भाजले," ती म्हणाली. पोरगी अंगणात पळाली. म्हातारी माझ्यासमोर खाली बसली आणि हळूच म्हणाली, "त्या दिवशी मी विस्तव घेऊन गाडीतून उतरूनच राह्यलो होतो, बापू."

तिनं माझ्या ताटात आणखी अर्धी भाकर ठेवली आणि मी ती खाल्ली.