काट्यावरचं गाऱ्हाणं

माझी मुलगी आठ महिन्यांची होईपर्यंत तिचं माझ्याविषयी एक ठाम मत झालं होतं. हा माणूस रविवारी येतो, गालाला दाढी टोचवतो आणि जातो. वजनकाटे दुरुस्त करणं हा माझा धंदा. सकाळी ती झोपेत असताना मी व्हॅन काढायचो, गावोगावची किराणा दुकानं, भातगिरण्या आणि काजूचे कारखाने करून परत यायचो, तेव्हा ती पुन्हा झोपलेली. रविवारी मी मोठ्या हौसेने तिला उचललं, की ती आधी मला नीट निरखून बघायची. मग खालचा ओठ हळूच बाहेर यायचा आणि मग असं भोकाड पसरायची, की शेजारची काकी हातातली विळी टाकून धावत यायची.

काकीने घेतलं की गप्प. एकदम गप्प, वर हसणंसुद्धा.

"तिका तुमची वळखच नाय," माझी बायको म्हणायची. "तिचो काय दोष?"

दोष नाही हे मलाही कळत होतं. पण वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटायचं. ती मासेवालीकडे जायची, पोस्टमनकडे जायची, लाइटचं मीटर बघायला आलेल्या माणसाच्या खिशातलं पेन ओढायची. अख्ख्या जिल्ह्यात तिला नको असलेला माणूस एकच होता आणि तो तिचा बाप होता.

बायको शाळेत शिकवते. तिची रजा संपल्यावर मुलीला सांभाळायचं काकीने कबूल केलं होतं, आणि एरवी सगळं सुरळीत चाललं होतं. पण एके दिवशी काकीच्या लेकीचा मुंबईहून फोन आला आणि काकी आठवडाभरासाठी तिकडे निघाली. आता मुलीचं काय करायचं? रात्रीच्या जेवणात मी भाताचा घास हातात धरून म्हटलं, "माझ्यावांगडा येतली ती. व्हॅनीतून."

बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. "तुमच्याकडे ती कट्ट्यापर्यंतसुद्धा रवाची नाय!"

कट्टा म्हणजे आमच्या वाटेवरचं पहिलंच गाव. मग मात्र मी हट्टालाच पेटलो. मेव्हण्याने पाठवलेली बाळाची खुर्ची इतके दिवस माळ्यावर पडून होती, ती मी व्हॅनमध्ये पट्ट्यांनी घट्ट बसवली. मागे हत्यारांची पेटी, टेस्टची लोखंडी वजनं, त्यांच्या शेजारी लंगोटांचा गठ्ठा, दुधाच्या बाटल्या, नाचणीच्या सत्त्वाचा डबा आणि एक प्लॅस्टिकचं बदक. बायकोने सूचना दिल्या, त्या सगळ्या मी मान डोलावून ऐकल्या आणि बहुतेक विसरलो.

सोमवारी सकाळी निघालो. ती कट्ट्यापर्यंत राहिली. रडत राहिली, पण राहिली.

काय रडली! चढावर एका सुरात, उतारावर दुसऱ्या सुरात. मी बदक दाखवलं, हॉर्न वाजवला, वायपर चालू केले, शिट्टी मारली. मला येत होती तेवढी सगळी गाणी म्हणून झाली. समोरून येणाऱ्या एसटीचा ड्रायव्हर माझ्याकडे संशयाने बघत गेला. मी पळवून नेतोय असंच त्याला वाटलं असणार, आणि त्या क्षणी मुलीची साक्ष काढली असती तर तीही तेच म्हणाली असती.

कट्ट्याला बाजारात एका किराणा दुकानाचा काटा बिघडला होता. दुकानदार काका म्हणजे गावातले मानकरी. देवळात गाऱ्हाणं घालायचं काम त्यांचंच. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे नुसती तक्रार नव्हे. ते देवाकडे ठणकावून केलेलं मागणं असतं. एकाने मागायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणून ओरडायचं. लग्न असो, नवी होडी असो, नाहीतर नुसती विहिरीवर पंपाची मोटर बसवलेली असो, गाऱ्हाण्याशिवाय कुणाचं पान हलत नाही.

मी रडणारी मुलगी घेऊन दुकानात शिरलो. काकू गल्ल्यामागून उठल्या आणि त्यांनी तिला माझ्याकडून ओढूनच घेतलं. ती गप्प. काकूंच्या मंगळसूत्राशी खेळायला लागली.

काका चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "बापूस तूच मां रे?"

"मीच."

"नाय, इचारलंय आपला."

काट्याच्या आत मुंग्यांनी घर केलं होतं. किराणा दुकानातल्या काट्यांना बहुतेक हाच आजार असतो. साफ केला, एक वायर बदलली, माझी वजनं ठेवून तपासला. तोवर काकूंना गिऱ्हाईक आलं म्हणून मुलगी परत माझ्या हातात आली आणि तिने पुन्हा सुरुवात केली. तशातच काकांनी एक नारळ आणून काट्यावर ठेवला. दुरुस्त झालेल्या काट्यावर पहिल्यांदा नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ही त्यांची पद्धत. दुकानातल्या गिऱ्हाइकांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो काटो नीट झालो हा, तेचा वजन खरां ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गिऱ्हाईकाच्या मनात संशय येवक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मीही सवयीने ओरडलो. मुलगी रडता रडता थांबली. तोंड उघडंच, डोळ्यांत पाणी, आणि नजर माझ्या तोंडावर.

काकांनी ते बरोबर हेरलं. त्यांनी आवाज आणखी चढवला. "आणि ह्या चेडवाक आपल्या बापाशीची वळख पटव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि ती हसली. नुसती हसली नाही, खिदळली. पोट हलवून, हिरड्या दाखवून, दोन दातांसकट. माझ्या हातात असताना ती पहिल्यांदाच हसत होती. दुकानात एकच हशा पिकला. मी काका-काकूंना नमस्कार करून जवळजवळ उड्या मारतच बाहेर आलो.

मग काय, आठवडाभर आमची व्हॅन म्हणजे चालतं देऊळ झालं. ओठ बाहेर आला रे आला, की मी सुरू. "समोरच्या डंपराक बाजूक कर रे म्हाराजा!" आणि उत्तरही मीच द्यायचं, "व्हय म्हाराजा!" ती खिदळायची. "फाटक पडाच्या आधी आमका पलीकडे काढ रे म्हाराजा!" व्हय म्हाराजा. "हिचो लंगोट खारेपाटणापर्यंत टिकव रे म्हाराजा!" हे गाऱ्हाणं मी अगदी कळवळून घातलं होतं, आणि देवाने ते जेमतेम ऐकलं. एका सिग्नलला खिडकी उघडी राहिली होती. शेजारच्या मोटारसायकलवरच्या माणसाने हेल्मेट वर करून आपणहून "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि तो निघून गेला.

दुकानादुकानांतून आम्ही प्रसिद्ध झालो. काटा दुरुस्त झाला, की माझी टेस्टची वजनं कुणाला नकोत, सगळ्यांना मुलगी काट्यावर बसवून बघायची. ती ताटात मांडी घालून बसायची आणि बटणं दाबायची. फोंडाघाटच्या व्यापाऱ्याला कळलं, की खारेपाटणच्या काट्यावर ती थोडी जास्त भरली होती. झालं, तो माझ्याच दुरुस्तीवर शंका घ्यायला लागला.

"अहो, आता शी झाली तिची," मी म्हटलं.

"मगे तसा सांग मां!" म्हणत त्याने काटा पास केला.

आणि प्रत्येक दुकानातली बाई तिला काजळाची तीट लावायची. आधीची कुणी पुसायचं नाही. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत कपाळ, गाल, हनुवटी, तळपाय, सगळीकडे काळे ठिपके. बायको दारातच कपाळाला हात लावायची. "ह्या चेडू आसा की कलिंगडाची फोड?"

मी हवेत होतो. पण मनात एक खुटखुट होती, आणि ती गुरुवारी खारेपाटणला पुरती बाहेर आली. तिथे भातगिरणीचा मोठा काटा दुरुस्त करायचा होता. गिरणीतल्या कामगारांना मी आमची गंमत सांगितली. त्यांनी सगळ्यांनी मिळून "व्हय म्हाराजा!" अशी आरोळी ठोकली, आणि मुलगी माझ्या वेळेपेक्षाही जास्त खिदळली. त्यातल्या एका पांढऱ्या पिठाने माखलेल्या माणसाने हात पुढे केले. ती मागे वळूनही न बघता त्याच्याकडे झेपावली.

म्हणजे ती मला हसत नव्हतीच. ती आरोळीला हसत होती. ती कुणीही दिली तरी चाललं असतं.

मी काट्याखाली आडवा होऊन काम करत होतो ते एका अर्थी बरंच होतं. तोंड कुणाला दिसत नव्हतं.

गिरणीचा मालक, एक म्हातारा, खुर्चीत बसून सगळं ऐकत होता. मी वर आल्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "तू देवाकडे इतक्या सगळ्या मागतंस, पण देतंस काय तेका?"

"देणार म्हणजे? ती गंमत हा, आजोबा."

"गंमत? डंपर बाजूक झालो मां? फाटकाच्या पलीकडे गेलंस मां? मगे नारळ खंय आसा?"

मला घाम फुटला. खरंच, आमच्याकडे गाऱ्हाणं पुरं झालं की नारळ ठेवावाच लागतो, हे शेंबडं पोरही जाणतं. आणि मी तर सोमवारपासून वळणावळणाला मागत सुटलो होतो! त्यात लंगोटाचाही नारळ आला. इतके नारळ ठेवायचे तर व्हॅनमध्ये मुलीला बसायला जागा उरली नसती.

म्हाताऱ्याला माझी दया आली. "बारीकसारीक तो सोडून देता. पण मनापासून काय मागलेला आसात तर त्येचो नारळ चुकव नको."

मनापासून एकच मागणं होतं. तेही मी मागितलं नव्हतं, कट्ट्याच्या काकांनी मागितलं होतं. आणि ते काही पुरं झालेलं नव्हतं. तेव्हा त्या नारळाची काळजी नव्हती.

शनिवारी संध्याकाळी घरी पोचलो. बायको फाटकाशी उभी होती. तिला बघताच मुलगी पट्ट्यांमध्येच उसळायला लागली, आणि मी पट्टा सोडतोय तोच माझ्या छातीवर पाय देऊन आईकडे गेली. आठवडाभर मी बाटल्या धुतल्या, भर बाजारात लंगोट बदलले, घसा बसेपर्यंत गाऱ्हाणी घातली, आणि तिने एकदा मागे वळूनही पाहिलं नाही. रविवारी मी तिला फारसं उचललं नाही. पेपर वाचत बसलो. बायकोने एकदा-दोनदा माझ्याकडे बघितलं.

सोमवारी काकी परत आली होती. मी एकट्याचा डबा घेऊन व्हॅनकडे निघालो. त्या दिवशी मुलगी नेमकी लवकर उठली होती आणि काकीच्या कडेवर बसून अंगणात कोंबड्या बघत होती. मी दार उघडून बसलो, चावी फिरवली. व्हॅनचा आवाज ऐकून तिने मान वळवली. मी आत होतो आणि ती बाहेर होती.

खालचा ओठ बाहेर आला.

मग तिने जे भोकाड पसरलं, ते मी आजवर ऐकलेल्या सगळ्यांत मोठं होतं. काकी तिला थोपटत होती, बदक दाखवत होती, "गो बाय, गो बाय" करत होती. ती काकीच्या हातांतून मागे कलून, दोन्ही हात व्हॅनकडे पसरून रडत होती. बायको शाळेची पिशवी घेऊन दारात आली होती. ती म्हणाली, "अहो, ती तुमच्यासाठी रडता!"

मी उतरलो, तिला घेतलं. ती गप्प. एकदम गप्प. माझ्या शर्टाची कॉलर तिने मुठीत धरली आणि दाढीला गाल लावून मोठा उसासा टाकला. मी तसाच उभा राहिलो. शेवटी बायको म्हणाली, "माका शाळेक उशीर होता," आणि आम्ही तिघांनी मिळून ती मूठ सोडवली. रडणं पुन्हा सुरू झालं. वळणापर्यंत मला ते ऐकू येत होतं, आणि मी वेड्यासारखा हसत गाडी चालवत होतो.

कट्ट्याला माझं त्या दिवशी काहीच काम नव्हतं. तरी व्हॅन त्याच दुकानासमोर थांबली. वाटेत घेतलेला नारळ मी त्यांच्या काट्यावर ठेवला.

काका म्हणाले, "चेडू खंय आसा?"

"घराकडे. रडता."

"कित्याक?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. "मगे घाल गाऱ्हाणां. आज तूच घाल."

काकू गल्ल्यामागून उठल्या. गिऱ्हाइकांनी पिशव्या खाली ठेवल्या, हात जोडले. मी "बा देवा म्हाराजा" एवढं म्हटलं आणि पुढे काही केल्या शब्द येईना. आठवडाभर वळणावळणाला देवाला हाका मारणारा मी, नारळाकडे बघत नुसता उभा.

माझ्यासाठी कुणी थांबलं नाही. सगळं दुकान एका दमात ओरडलं, "व्हय म्हाराजा!"