एकट्याचं भरीत

आमच्या रावेर-फैजपूरकडे भरीत एकट्यासाठी करत नाहीत. मी करून पाहिलंय. बायको गेली त्या वर्षी, गॅसवर, एका वांग्याचं. शी! औषधासारखं गिळलं.

भरीत करायचं ते मळ्यातल्या घराच्या अंगणात. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजायची आणि बडजीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, दोघांनी समोरासमोर बसून मुसळांनी कुटायची. एकाचं मुसळ वर, एकाचं खाली. तो आवाज केळीतून लांबवर जायचा आणि शेजारच्या मळ्यांतली माणसं पुऱ्या घेऊन आपणहून यायची. बोलावणं धाडलं तर उलट रागवायची, "आम्हाला काय पाव्हणे समजले का?"

आमच्या शिवारात अशी पाच घरं, सगळी पक्क्या विटांची. वडिलांनी नदीकाठच्या गाळाच्या विटा शेतातच भाजल्या होत्या. केळीला रात्रंदिवस पाणी द्यावं लागे, म्हणून माणूस मळ्यातच राही. आता गावात सोफ्यावर बसून मोबाइलवर मोटार चालू होते. एकेक करत चार घरांना कुलपं लागली. शेवटचं, समोरच्या अक्कांचं, या दिवाळीनंतर. भिंती अजून अशा ठणठणीत की खिळा ठोकला तर खिळाच वाकतो. पण आत माणूसच नाही, तिथं विटा तरी काय करणार?

मुलगी जळगावला असते. "आबा, बस झालं आता, फ्लॅटवर या," म्हणून मागे लागली होती. एकदा वाद वाढला आणि मीच बोलून बसलो, "थंडीतल्या भरताला कुणी आलं तर मी इथंच राहीन. नाही आलं तर लाव कुलूप!" पण बोलावणं मात्र कुणाला धाडलं नाही. रीत ती रीत.

रविवारी पाटीभर वांगी भाजली, सोलली, मिरच्या-लसूण घालून एकटाच कुटायला बसलो. खांदे भरून आले. तेवढ्यात पलीकडच्या मळ्याचा मालक मोटारसायकलवरून जाताना थांबला.

"काय आबा, एकटेच?"

"बस की. पुऱ्या तळतो."

"नको हो, घरचे वाट पाहू राहिले. गावात लॉनवर भरीत पार्टी आहे. तुम्हीच चला ना."

"केटररचं भरीत तुम्हीच खा!" मी खेकसलो. तो हसत निघून गेला. माझ्या जिभेला हाड नाही हेच खरं. गोड बोललो असतो तर घासभर तरी खाल्लं असतं त्यानं.

दिवेलागणीला मुलीचा फोन आला. "आलं का कुणी?"

"कुणी म्हणजे? सगळे आले. अंगणात पाय ठेवायला जागा नाही."

"खरंच?"

"मग ऐक!" फोन ओट्यावर ठेवला आणि मुसळ हाणायला लागलो. भरीत केव्हाच झालं होतं. तरी हाणत राहिलो. वर मोठ्यानं ओरडलो, "अहो, पुऱ्या आणा इकडे!"

धाप लागली तसा थांबलो, फोन कानाला लावला. लग्न होईपर्यंत दर थंडीत माझ्यासमोर बसून दुसरं मुसळ मुलगीच धरायची.

"आबा," ती हळूच म्हणाली, "मुसळ एकच वाजतंय."

मी भरतावर ताट झाकलं.

"येताना कुलूप मोठं आण," म्हटलं. "दाराची कडी जाड आहे."