पिशवीवरचा कारागीर

माझ्या थोरल्या भावाने माझ्या बायकोला फसवलं. पैशात नाही. वाटणीच्या वेळी मी घासाघीस करून माझा हिस्सा घेतला आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने तिला तिच्या कामातून पुसून टाकलं आणि तिच्या जागी असा एक माणूस बसवला, जो कधी जन्मालाच आला नाही. ती आता हयात नाही, म्हणून हे मला लिहावं लागतं आहे.

गोंदिया जिल्ह्यात, चोरखमारा तलावाच्या कालव्याखाली आमचं गाव. सगळा धानाचा मुलूख. त्यात आम्ही दोघा भावांनी ठेक्याने जमीन घेऊन ऊस लावला आणि बांधाशेजारी गुऱ्हाळ टाकलं. एक चरक, एक कढई, वर पळसाच्या पानांचं छप्पर. आज तिथे साखर शुद्ध करणारी कंपनी उभी आहे, तिला गेट आहे, गेटवर चौकीदार आहे. भाऊ यंत्राचं बघायचा, मी विकायचं बघायचो. बाजाराच्या दिवशी पोतं अंथरून बसलं की गिऱ्हाइकाने भाव विचारल्यावर लगेच तोंड उघडायचं नाही, एवढी एकच अक्कल माझ्याकडे होती. तेवढ्यावर मी पुढे आयुष्य काढलं.

पण पहिल्या वर्षीचा आमचा गूळ काळा होता. भाव न सांगता कितीही वेळ बसलो तरी घेणारा यायला हवा, आणि तो येत नव्हता.

त्याच साली माझं लग्न झालं. ती सालेकसा तालुक्यातली, कचारगडाकडची. तिचा बाप हंगामात दूरच्या गुऱ्हाळांवर राबायला जायचा आणि तिला सोबत न्यायचा. आमच्या घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती गुऱ्हाळावर आली, गुळाचा खडा बोटात धरून पाहिला आणि म्हणाली, "हा गूळ होय का चुलीतली राख?"

मला राग आला. नवी नवरी आणि ही जीभ! मी म्हटलं, "तुले येते का मंग?"

ती खडा टाकून निघाली. कालव्याच्या कडेने गेली, रानभेंडीचे देठ कापून आणले, दगडावर ठेचले, पाण्यात भिजवले. पाणी लाळेसारखं चिकट झालं. रस उकळायला लागल्यावर ते तिने थोडं थोडं ओतलं, तशी सगळी घाण कांबळ्यासारखी वर आली. झाऱ्याने ती काढत गेली आणि खाली रस मधासारखा स्वच्छ राहिला. भाऊ चरक थांबवून बघत उभा होता. त्या कढईचा गूळ बाजारात दुपारपर्यंतही टिकला नाही.

पुढच्या हंगामात ती म्हणाली, साखरच करू. रस कुठवर आटवायचा हे ती दोन बोटांत तार धरून ठरवायची. आटलेला रस माठांत ठेवला की त्यात दाणा धरायचा. भावाने काकवी काढायला हाताने फिरवायचं यंत्र बसवलं. इतर लोक रस उजळायला पांढरी पावडर टाकत, ती हात लावू द्यायची नाही. आमची साखर फार शुभ्र नव्हती, पण दुकानात उघडी ठेवली तर गिऱ्हाईक थांबेल इतकी पांढरी होती.

मी नमुना घेऊन गोंदियाला एका मोठ्या व्यापाऱ्याकडे गेलो. त्याने चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि विचारलं, "माल अच्छा है. कढ़ाई पे कौन बैठता है?"

तो हे का विचारतो ते मला कळलं. आमच्याकडे गुऱ्हाळाच्या कढईपाशी बाईला येऊ देत नसत. विटाळ होतो, माल फाटतो म्हणत. त्यात आमचं घर बौद्ध. आम्ही विटाळ मानत नव्हतो, पण घेणारे मानत होते, आणि त्यांना दोन्ही विटाळ दिसत होते. आमच्या हातचा माल हा माणूस आधीच बिचकत चाखत होता. कढईवर माझी बायको असते म्हटलं असतं तर त्याने चूळ भरली असती.

मी म्हटलं, "बनारस का कारीगर रखा है, सेठजी."

"बनारस का? इस जंगल में?"

"आपके नसीब से."

त्याने घासाघीस न करता सगळा माल पाठवायला सांगितलं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सोपी बोलणी.

घरी येऊन सांगितलं तर भाऊ पोट धरून हसला. बायको धान पाखडत होती. तिने विचारलं, "बनारस कोनत्या तालुक्यात येते?"

मग एके दिवशी व्यापारी कारागीर बघायला स्वतःच आला. आम्हाला सकाळीच निरोप मिळाला होता. भावाने डोक्याला पांढरा गमछा बांधला आणि कढईपाशी जाऊन बसला. त्याच्या मिशा तेव्हा झुपकेदार होत्या. पण त्याची हिंदी ऐकली असती तर व्यापाऱ्याने बनारस कुठे आहे ते ओळखलं असतं. म्हणून मी सांगितलं, "मौनव्रत है इनका, सेठजी. हंगाम खत्म होने तक."

व्यापाऱ्याने चक्क हात जोडले. भावाने मान हलवली, आशीर्वाद दिल्यासारखी. माझी बायको मागे बांबूच्या तट्ट्याआड बसली होती. रस कुठवर आला आहे ते ती फटीतून बघत होती, वासावरून ओळखत होती. वेळ झाली तसं तिने मडक्यावर बोटाने दोनदा टिचकी मारली. भावाने गड्यांना हाताने खूण केली आणि कढई उतरली. व्यापारी मला म्हणाला, "देखा? इसको कहते हैं हाथ."

तो गेल्यावर ती बाहेर आली. "कारागीर महाराज, मौन सोडा आता. भात वाढला हाय."

आम्ही तिघंही हसलो. तीही हसली. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे भावाने तेच माझ्या तोंडावर मारलं.

गुऱ्हाळाची खांडसरी, म्हणजे देशी साखरेची छोटी गिरणी झाली, खांडसरीचा कारखाना. बाहेरून कच्ची साखर यायला लागली आणि आम्ही ती शुद्ध करून पिशव्यांत भरायला लागलो. पिशवीवर छाप पाहिजे होती. चित्रकाराने काय काढू म्हणून विचारलं तेव्हा भावाने आणि मी एकमेकांकडे बघितलं. पिशवीवर फेटेवाला, मिशीवाला कारागीर आला, हातात झारा घेतलेला.

पहिली पिशवी मी घरी नेली. तिने उलटसुलट करून बघितली. "मिशा बऱ्या देल्या याले," एवढंच म्हणाली.

बऱ्याच दिवसांनी एकदा, भांडण नाही, काही नाही, जेवण वाढताना म्हणाली, "माह्यं नाव नोको टाका. मले नाव कायले पायजे? पन याले काढा. हा माह्या जागेवर बसून राह्यला."

मी म्हटलं, "काढीन."

बाजारात मी दिलेला शब्द कधी फिरवला नाही. हा फिरवला. छाप चालत होती. रायपूरपर्यंत दुकानदार "मूछवाली दो" म्हणून माल मागत होते. घरी रोज सकाळी ती वंदना घ्यायची, मीही शेजारी बसायचो. पंचशीलातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं, आलं की तिचा आवाज जरा संथ व्हायचा. माझ्याकडे ती बघायची नाही. मला वाटायचं, बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मोठी यंत्रं आली, शिकलेला केमिस्ट आला. कढई गेली. तिला कारखान्यात काम उरलं नाही. तरी हंगाम सुरू झाला की ती एखाद्या दुपारी गेटपर्यंत चालत जायची, उभी राहायची, वास घ्यायची आणि परत यायची. एकदा नव्या चौकीदाराने तिला अडवलं, "बाई, कोनाले भेटाचं आहे?"

ती घरी आली आणि मला हे तिने सांगितलं नाही. दुसऱ्याकडून कळलं. त्या दिवशी मी भावाशी छापेवरून भांडलो. ऑफिसमधल्या सगळ्यांना ऐकू गेलं. तो खुर्चीतून उठलाही नाही. "छाप बदलली का माल पडला समज. तुले कायले सांगाव? तू तं बेपारी." तो बरोबर बोलत होता. मी त्याच्या जागी असतो तर हेच बोललो असतो. मी परत आलो आणि तिला काही सांगितलं नाही. ती त्यानंतर गेटकडे गेली नाही.

पुढे वाटणी झाली, ती वेगळ्या कारणांनी. मी सडक अर्जुनीला हायवेच्या कडेला घर बांधलं, धानाचा व्यापार केला. ती इथेच गेली. पोरंबाळं आम्हाला झाली नाहीत. घरात चार खोल्या आहेत, मी दोन वापरतो. ट्रक गेला की भांड्यांच्या फळीवरची भांडी वाजतात. कधी कधी नेमकी दोनदा वाजतात आणि मी मान वळवतो. संध्याकाळी धाब्यावर जातो, तेवढीच माणसं दिसतात. काउंटरमागच्या फळीवर तो फेटेवाला ओळीने बसलेला असतो. मी चहा बिनसाखरेचा मागतो. धाबेवाल्याला वाटतं मला मधुमेह आहे. तो रोज मला कारल्याचा रस प्यायला सांगतो.

गेल्या हंगामात पुतण्याचा फोन आला. "काकाजी, कंपनीच्या इतिहासाचं पुस्तक काढून राहिलो. नागपूरच्या एक बाई लिहून राहिल्या. तुमच्याकडे पाठवू का?"

मी म्हटलं, पाठव.

त्या दोन दिवस आल्या. मी सगळं सांगितलं. रानभेंडी, टिचकी, मौनव्रत, बनारस. खोटं मी रचलं हेही सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांना रानभेंडी माहीत नव्हती, म्हणून मी त्यांना नाल्याकडे नेऊन दाखवली. त्यांनी देठ मोडून बोटाला चिकटवून बघितला. जाताना म्हणाल्या, "काकूंवर एक अख्खं प्रकरण होईल." ते दोन दिवस या घरात तिच्याविषयी कोणी तरी प्रश्न विचारत होतं. त्या गेल्यावर मी उरलेल्या दोन खोल्याही झाडून काढल्या.

पुस्तक छापून आलं. जाड कागद, रंगीत चित्रं. प्रकरणाचं नाव 'बनारसचा अबोल कारागीर'. मौनव्रत होतं, हात जोडणारा व्यापारी होता. माझ्या बायकोसाठी एक ओळ होती: घरातील स्त्रियांनी कामगारांना प्रेमाने रांधून वाढले.

मी दुसऱ्याच दिवशी गावी गेलो. भाऊ अंगणात खुर्चीवर बसला होता. आता त्याला ऐकायला कमी येतं, पण त्या दिवशी सगळं ऐकू आलं.

"हे काऊन केलास गा, दादा?"

"मी काय केलो? तूच तं जन्माले घातलास त्याले. मी निस्ता गमछा बांधलो."

"अन् त्या बाईनं लिहून नेलं होतं ते?"

"मी खोडाले लावलो. पोराले सांगलो, हे नोको."

"काऊन?"

"पिशवीवर हाय तो. लोक म्हणतील, इतके वर्स खोटं खाऊ घातलं."

"साखर तं खोटी नव्हती."

तो खुर्चीत सरकून बसला. मग म्हणाला, "ते हासली होती नं तवा? तिले काई वाटलं नाई. तुलेच आता वाटून राह्यलं."

सुनेने दिलेला चहा माझ्या हातात होता. तो मी पेल्यासकट अंगणात भिरकावला. पेला तुळशीच्या... नाही, आमच्या अंगणात तुळस नाही, पाण्याच्या टाकीवर आपटला आणि चेपला. माझं डोकं लवकर तापतं, सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे. पुतण्या धावत बाहेर आला. शहाणा पोरगा आहे, माझ्याच हाताखाली बोलणी शिकला. मधला आकडा काढायला बघत होता.

"काकाजी, शांत व्हा. दुसऱ्या आवृत्तीत काकूचा फोटो टाकू आपण. स्वयंपाकघराच्या पानावर."

मी बसने परत आलो. पोहोचेपर्यंत कोणाशी बोललो नाही, आणि पोहोचल्यावर बोलायला कोणी नव्हतं.

पुस्तकाचा समारंभ व्हायचा आहे. हॉलमध्ये त्या फेटेवाल्याचं मोठं तैलचित्र लावलं आहे म्हणे आणि पहिला हार मी घालावा अशी पुतण्याची इच्छा आहे. मी घालणार नाही. त्या माणसाला मी ओळखतो. एका चिमूटभर साखरेचा भाव पडू नये म्हणून मी त्याला तोंडातून काढला होता. खरं काय ते डोळ्यांनी बघितलेले आता आम्ही दोनच उरलो आहोत, आणि दोघंही म्हातारे. आम्ही गेलो की तो खरा होईल आणि ती कधी कढईपाशी नव्हतीच असं होईल.

मला कोणाकडून वाटा नको, पिशवीवर तिचं चित्र नको. तिनेही मागितलं नव्हतं. गोंदियाच्या दुकानात मला विचारलं गेलं होतं, कढईवर कोण बसतं, आणि मी खोटं सांगितलं. आज नीट सांगतो. कढईवर माझी बायको होती. एवढा उशीर केल्याचा दोष माझा आहे आणि तो मी कोणाच्या गळ्यात घालत नाही.

पण दादा, मडक्यावरची टिचकी ऐकून तू हात वर केला होतास. समारंभाला उभा राहा, कामगारांसमोर, त्या चौकीदारासमोर, आणि सांग, तट्ट्याआड कोण होतं? हंगाम केव्हाच संपला. तुझं मौनव्रतही संपलं. उत्तर दे.