उडती खार आणि आत्याबाईंची साक्ष

आलापल्लीतली संध्याकाळ होती... चैत्र नुकताच लागलेला. मी मागच्या अंगणात दोरीवरची लुगडी काढत होते आणि समोरच्या येनाच्या झाडावरून एक खार उडाली.

उडी मारली नाही हं... उडाली! चांगली मांजराएवढी, लांब झुपकेदार शेपटीची. तिने चारी पाय ताणले, अंगाची जणू चादर झाली, आणि अख्खं अंगण ओलांडून पलीकडच्या मोहाच्या खोडाला जाऊन चिकटली. हातातलं लुगडं मातीत पडलं तरी मला कळलं नाही.

ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मुलूख चांद्यातच, म्हणजे आताच्या चंद्रपुरातच मोडायचा. आमचं नुकतंच लग्न झालेलं. आमचे हे लाकडाच्या डेपोत कारकून, म्हणून मी आणि सासूबाई वरोऱ्याहून त्यांच्यासोबत इथे राहायला आलो होतो. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे.

धावत घरात जाऊन मी सगळं सांगितलं. "पंख होते काय तिले?" ह्यांनी विचारलं. नव्हते म्हटल्यावर खूप हसले.

आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. तव्यावरची भाकर उलटत एवढंच म्हणाल्या, "सूनबाई, पाह्यलं तेवढंच सांगत जाय. आपल्या घरात कोणी फेकत नाई."

ते लागलं मनाला... नवऱ्याने थट्टा केली तर एकवेळ चालतं, पण सासूला आपण खोटारड्या वाटावं? आणि दाखवायला माझ्याकडे होतं तरी काय? दुसऱ्या कुणी ती खार पाहिलेली नव्हती. होता तो फक्त माझा शब्द, आणि त्या घरात तो अजून माझ्यासारखाच नवा होता.

डेपोच्या वसाहतीत चारच घरं, सगळी बाहेरून आलेली. ह्यांनी गंमत म्हणून डेपोत सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी माझी खार चारही घरांत पोचली. गावातल्या कुणाला तरी विचारावं, एवढं साधं तेव्हा एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे पापड होते. शेजारच्या बायका लाटायला जमल्या. त्यात गोदाबाई होत्या, डेपोतल्या मोठ्या बाबूंच्या घरच्या. मनाने वाईट नव्हत्या, पण जिभेला फार धार!

"काऊन वं सूनबाई," त्या म्हणाल्या, "काल आमची म्हैस उडाली म्हणते. तुले दिसली काय?"

सगळ्या खो खो हसल्या. मी मान खाली घालून लाटत राहिले. पापड पोळपाटाला चिकटला, तरी लाटतच राहिले... वर बघितलं असतं तर रडूच फुटलं असतं.

"उडते ना बाई," आत्याबाईंचा आवाज आला. "खार उडते. म्याही पाह्यली."

लाटणी थांबली. आत्याबाई मात्र लाट्या तोडत शांतपणे पुढे सांगत होत्या, "परवा सांजच्याले. येनावरून उडाली ते मोहावर गेली. शेपूट हे एवढं." आणि हाताने मापही दाखवलं!

गोदाबाईंनी मुकाट पुढचा पापड लाटायला घेतला. आत्याबाईंच्या शब्दावर शंका घ्यायची वसाहतीत कुणाची छाती नव्हती. मीच तेवढी आ वासून बघत होते... कारण परवा संध्याकाळी आत्याबाई चुलीपाशी होत्या. माझ्यासमोर.

बायका गेल्यावर मी हळूच विचारलं, "आत्याबाई, तुम्ही खरंच पाहिली?"

"नाई." वाळणाऱ्या पापडांवर फडकं सारखं करत त्या म्हणाल्या, "पण तू रडाले आली होती. फेकणारं माणूस हसून सोडून देते, एवढं मनाले नाई लावून घेत." मग माझ्याकडे वळल्या. "आता दाखव मले. चार बायांत खोटं बोलून बसली मी. ते खरं कराले पाह्यजे!"

तेव्हापासून रोज दिवेलागणीच्या आधी आम्ही दोघी मागच्या अंगणात बसू लागलो. खार काही येईना... पण गप्पा यायला लागल्या. लहानपणी त्या कापसाच्या ढिगात लपल्या आणि तिथेच झोपी गेल्या, इकडे घरच्यांनी सगळं वरोरा पालथं घातलं, ती गोष्ट तर त्यांनी इतकी रंगवून सांगितली की आम्हाला अंधार पडल्याचंही कळलं नाही. त्यांना इतकं मोकळं हसताना मी कधी पाहिलंच नव्हतं.

आणि एका संध्याकाळी, अशीच एक गोष्ट अर्ध्यावर असताना, वर खसफस झाली. खार फांदीच्या टोकापर्यंत आली, जरा थांबली, आणि थेट आमच्या डोक्यावरून तरंगत गेली. तिच्या पोटाचा फिकट रंगसुद्धा दिसला!

आत्याबाई ताडकन उठल्या. डोक्यावरचा पदर घसरला त्याचं भान नाही. टाळ्या वाजवत म्हणाल्या, "उडाली वं! सूनबाई, उडाली! माय वं माय... थांब, गोदाबाईले सांगून येते!"

तरातरा फाटकापर्यंत गेल्या... आणि तिथेच थबकल्या.

"काय झालं, आत्याबाई?"

"काय सांगू तिले?" त्या रडवेल्या चेहऱ्याने म्हणाल्या. "म्या त आधीच पाह्यली हाय ना!"

फाटकाला धरून आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो. तेवढ्यात हे डेपोतून आले आणि काय झालं म्हणून विचारू लागले. आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या, "काई नाई रे. तुले पटाचं नाई."

पुढे आयुष्यात पुष्कळ वेळा असं झालं की माझं म्हणणं खरं होतं, पण हातात पुरावा नव्हता. कधी तो नंतर मिळाला, कधी मिळालाच नाही. अशा वेळी मला आत्याबाई आठवतात... पुरावा नसताना, नुसता माझा चेहरा बघून त्या माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून ते घर माझं झालं.